कलम चौदा, पोटकलम ब

डुलुथच्या सिटी हॉलचं तळघर.
टेबलाच्या त्या बाजूला तिघं, या बाजूला चौघं,
मधे कॉफीचा थर्मास, कुणाच्याच बाजूचा नसलेला.
मार्च संपत आला तरी सुपीरिअर गोठलेलाच;
धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर
एक धान्याचं जहाज बर्फात रुतलंय मंगळवारपासून.
वाटाघाटीही मंगळवारपासूनच.

इतिवृत्त मी लिहिते.
चार नंबरचा बंब चालवते, अठरा वर्षं,
आणि युनियनची वही माझ्याकडे, कारण
तुझं अक्षर लागतं तरी, म्हणत ऑगी स्तेर्लेनं ती माझ्या हातात दिली
आणि सहा महिन्यांनी गेला.
मूत्राशयाचा कॅन्सर. एकावन्न.

पगाराचं दुपारीच मिटलं.
साडेचार मागितले, तीनवर एक दशांश मिळाले,
त्या एका दशांशासाठी नीएमीनं
दोनदा खुर्ची मागे ढकलली.

मग आलं धुलाईयंत्र.
बाहेर सांगायला लाज वाटते, पण आमचं भांडण
वॉशिंग मशीनसाठी आहे.
प्रत्येक स्टेशनात एक, मोठं,
जाकिटाच्या शिवणीतली काजळी सुटेल असं.
सध्या कपडे घरी नेतो. मीही नेते.
लेकाचे कपडे टाकण्याआधी
ड्रम दोनदा रिकामा फिरवते,
तरी त्याच्या मोज्यांना वास येतो
कुणाच्या तरी जळलेल्या सोफ्याचा.

समोरचा प्रेंडरगास्ट तसा सज्जन.
चष्मा काढतो, पुसतो, मग विचारतो,
पण हे सिद्ध कसं करायचं?
स्तेर्ले सिगारेट ओढायचा ना?

ओढायचा.
आणि टायरचं गोदाम ओढलं त्यानं, एक पूर्ण रात्र.
नऊ दिवस धुमसणारा धान्याचा एलेव्हेटर ओढला.
शाळेमागचं दुमजली घर,
वरच्या खोलीत नुसती खेळणी, सगळी प्लास्टिकची.
कुठला श्वास कुठल्या आगीचा?
धुराची पावती मिळत नाही, साहेब.
(हे मी बोलले नाही. इतिवृत्तातही नाही.)

नीएमी वाचतो, जाड बोट ओळीखाली सरकवत:
अशा आजाराचं कारण नोकरी हेच
गृहीत धरण्यात यावं.

गृहीत.
माझं पेन थांबतं.
या शहरानं आजवर दुसरं केलंय काय?
फोन फिरवला की आम्ही येणार,
जिना शाबूत असो नसो, चढणार,
नाताळच्या रात्री ताटावरून उठणार,
पोरगं बाहेर काढल्यावर मांजरासाठी पुन्हा आत जाणार.
पंचावन्नला सुटून बोट घेणार, मासे धरणार,
हे मात्र आम्ही आमचंच धरलं होतं.
ऑगीनं तर बोटीचा रंगही ठरवला होता. हिरवा.
आता म्हणतोय एवढंच
की एकदा लेखी धरा.

म्हण आहे ना, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
इथे आग फासळ्यांच्या आत
आणि बंब बाहेर, धुतलेला, पुसलेला,
चार मिनिटांत कुठेही पोचणारा.

प्रेंडरगास्ट फोन करायला बाहेर जातो.
कुठेतरी सायरन वाजतो, आमच्या पाळीचा नव्हे,
तरी चौघांच्या माना एकदम वळतात;
आवाज उतारावरून तळ्याकडे गेला
की परत कागदाकडे.
प्रेंडरगास्ट येतो. वरती विचारावं लागेल, म्हणतो.
मी लिहिते: चौदा ब, प्रलंबित.
अक्षर लागतं.

काल रात्री बर्नाडेटचा फोन आला होता.
ऑगीचं जुनं जाकीट गॅरेजात खिळ्याला आहे अजून,
स्टेशनला परत द्यायचं असेल ना,
धुऊन देऊ का, म्हणाली.
मी जरा जास्तच जोरात ओरडले असेन.
हात लावू नकोस, म्हटलं.
मी येते.
हातमोजे घेऊन येते.