हलू नका

उट्रेख्तच्या तळघरात हिल्ट्ये पालथी निजलीय,
टेबलाच्या खाचेतून उजवा स्तन कोमट पाण्यात.
एकतीस वर्षं तिनं कालव्यावरचा पूल उचलला:
भोंगा ऐकायचा, मग बटण.
इथे भोंगा नाही. हा आवाज
कुत्र्यालाही ऐकू येत नाही म्हणे.

"आता हलू नका," काचेपलीकडून वीब्रेन.
मागच्या आठवड्यात त्यानं हेच
टर्कीच्या मांसावर करून पाहिलं.
"मग खाल्लंत का?" तिनं विचारलं होतं.

कातडी न उघडता आत एक ठिपका तापतो,
तांदळाएवढा.
पडद्यावर सत्तावन्न. साठ.
भिंगाखाली धुरावलेली भावाची टोपी,
आणि पाठीत बसलेला आईचा लाकडी बूट.

दुखतंय?
"आतून कुणी चिमटा काढतंय. चालू द्या."

दहा दिवसांनी सुरी येणारच आहे.
चाचणीच तशी: गाठ काढून, चिरून बघायचं
आवाजानं ती पुरती मेली की नाही.
"म्हणजे हे माझ्यासाठी नाही,"
सही करताना ती म्हणाली होती.
वीब्रेननं खाली बघितलं. नाही.
तिनं पेनाला टोपण लावलं. बरं.

पुढची बाई कोण, ठाऊक नाही.
बोटीतल्यांची नावं तरी कुठे कळायची.
पाणी गार होत चाललंय,
ती सांगते. हलत नाही.