ऊन-प्रत्यय

खराडीत, सहाव्या मजल्यावर,
सुहेल तांबोळीने एक ओळ दाखवली.
कंसात कंस, त्यात कंस,
आणि शेवटी पाच कंस एकदम मिटलेले,
कार्यालयाच्या दारात चपला साचतात तसे.
"चालतंय, मॅडम."
चालतंय ते मलाही दिसत होतं.
वाचू कुठून, तेवढं सांग.

म्हणाला, आतून.
जे आधी घडतं ते सगळ्यात खोल,
तिथून बोट ठेवत ठेवत उलटं बाहेर यायचं.

काम तसं काहीच नाही. टँकरच्या नोंदी.
कुणी लिटर लिहितं, कुणी नुसतं 'एक गाडी',
एकाच सोसायटीची तीन-तीन नावं,
आणि त्यातून महिनाअखेर कुणाकडून किती येणं.

मी विचारलं, आज आलास कसा?
गंज पेठेतून निघून, स्वारगेटला बस धरून,
चंदननगरला उतरून, पुढचं चालून,
चहा पिऊन बसलो की इथे.
बघ, पाच वेळा ऊन म्हणालास,
एकदाही कंस उघडला नाहीस.

मग त्याने लिहिलं, एकाखाली एक:
नोंदी घेऊन
रिकाम्या गाळून
लिटरमध्ये बदलून
सोसायटीवार वाटून
बेरीज करून
दे.

एका ओळीला एकच क्रियापद, आणि नाव असं
की पलीकडच्या टेबलावरून ओरडलं तरी कळावं.

चालवलं. सगळ्यांची बेरीज शून्य.
पाऊण तास गेला. कॅन्टीनचे पोहे संपले.
तिसऱ्या ओळीतला आमचा गडी लिटर काढत होता,
पडद्यावर छापतही होता,
पुढच्याच्या हातात मात्र काही देत नव्हता.
माझे एक काका होते असे. आहेराचा आकडा
माइकवरून सांगायचे, पाकीट पोचायचं नाही.
सुहेलने एक शब्द घातला, 'परत',
आणि आकडे खाली उतरले, पायरी पायरीने.
तो हसला. मीही. वरून खाली एकदा वाचलं,
न थांबता, कुणाचं तरी पत्र वाचावं तसं.

रात्री अकराला वाघोलीत आमचा टँकर आला.
(पाईपलाईन इकडे अजून माझ्या कोडमध्येच आहे.)
दौलतने पाईप ओढून, तोंडाला चिंधी गुंडाळून,
टाकीत सोडून, चावी फिरवून
वही माझ्यापुढे धरली.
"ताई, किती लिहू?"
मी काही बोलायच्या आत लिहून मोकळा: एक गाडी.

उद्या ही ओळ आमच्याकडे येईल,
गाळून, बदलून, वाटून, दहा हजार लिटर होईल.
सही केली.
पाईपच्या जोडातून पाणी रॅम्पवरून उतरत
पार्किंगच्या दिव्याखाली पोचलं होतं.
त्याच्यासाठी आम्ही
एकही ओळ लिहिली नव्हती.