दुसऱ्या मजल्याची किल्ली

धारप डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर
तीन नावं लिहिली, कागद माझ्याकडे फिरवला.
"जयवंतराव, लिफ्ट तुम्ही चालवता. तुमचा दिवस सांगा,
मग ठरवू."

एकतीस वर्षं लोक मला मजला सांगतात.
मला कुठे जायचंय, ते पहिल्यांदाच कुणी विचारलं.

पहिली गोळी जुनी. बाटली उघडली की सुक्या मासळीचा वास.
सुरुवातीला पोटात नुसता गोंधळ, मग रुळली.
आता किडनीच्या आकड्यावर बोट ठेवून बाई म्हणतात,
अर्धी करू.

दुसरी फेब्रुवारीपासूनची. स्वस्त, कामसू.
साखर खाली आणते,
डबा उशिरा आला तर मलाही.
मार्चात तिसऱ्या-चौथ्याच्या मधे हात थरथरले,
शर्ट भिजला, जाळीतून फक्त भिंत.
खुर्शीदबाई वकिलांनी पर्समधून लिमलेट काढून
माझ्या तोंडात सारलं.
"कितवा मजला, बाई?" मी सारखा विचारत होतो म्हणे.

तिसरी नवी. महाग होती, जरा उतरलीय.
किडनीला सांभाळते, साखर लघवीवाटे घालवते.
"म्हणजे जावं लागेल. पाणी भरपूर. रोखून धरायचं नाही."

मला हसू आलं.
बॅलार्ड इस्टेटच्या आमच्या इमारतीत
लिफ्टमनचा संडास तळाला, मागच्या चौकात,
रद्दी फायलींच्या पलीकडे.
दुपारपर्यंत मी पाणीच पीत नाही.
हे शैलालाही ठाऊक नव्हतं. ती शेजारी बसून ऐकत होती.

मग पायाचंही सांगून टाकलं.
एक चप्पल चौथ्यावर राहिली, मी तळाला आलो,
शिपाई घेऊन आला तेव्हा कळलं.
गेल्या खेपेला बाईंनी टोचून विचारलं होतं, "कळतंय?"
मी हो म्हणालो होतो.
कळलं होतं, पण डोळ्यांना.

या वेळी त्यांनी डोळे मिटायला लावले.

गोळी ठरली. तिसरी, आणि पहिली अर्धी.
दुसरी बंद.
आणि लेटरहेडवर चार ओळी, कापडिया शेठच्या नावाने.

सोमवारी शेठनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला.
एकतीस वर्षं माझी पाठ बघितलेला माणूस.
ड्रॉवर उघडून दुसऱ्या मजल्याची किल्ली
टेबलावर सरकवली. "नळ घट्ट बंद कर," एवढंच.

आता सकाळी गोळी, वर गच्च भरलेला तांब्या.
रोज रात्री शैला माझे तळवे उजेडात धरते,
पत्र वाचावं तशी.
साडेदहाला लिफ्ट दुसऱ्यावर थांबते.
तळातून घंटी. पुन्हा घंटी.
कुणीतरी जिन्याने निघालेलं ऐकू येतं,
पहिल्याच वळणावर धाप.

मी नळ घट्ट बंद करतो.