पासष्ट

वाळपईला कुष्टा मेस्ताच्या दुकानात
बाबांची बंदूक गोणपाटात गुंडाळून नेली.
निवडणुकीपुरती पोलिसांकडे जमा होती ती,
त्यांच्या कपाटात राहून
तिला फिनेलचा वास लागलेला.

कुष्टाने ती मधून उघडली, उजेडाकडे धरली,
एका डोळ्याने नळीत पाहत राहिला
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसा.
डावीत गंजाचे तीळ. उजवी बरी.
बाहेरून दोन्हींवर पाण्यासारख्या रेघा,
लोखंड नि पोलाद एकत्र पिळून
वेटोळ्यावर वेटोळं ठोकून केलेल्या.
"असं कोण करत बसतो आता, बाय?"

मडगावहून आणलेली काडतुसं मी मांडली.
लाल, चकचकीत, सत्तरची.
त्याने नळीखाली नखाने दाखवलं : ६५.
बेल्जियममधल्या कुणीतरी, केव्हातरी ठोकलेलं.

"पण जातात की आत," मी घालून दाखवलं.
"तोंड मिटलेलं आहे तोवर जातात.
बार उडाला की ते तोंड उघडतं,
आणि पुढे उघडायला जागा नसते.
मग एखाद दिवशी नळीच जाते.
तुझा डावा हात असतो तिथेच."

जेवताना बाबा
पाणी हवं असलं तरी
फक्त तांब्याकडे बघत.

"मारायचं काय? डुक्कर?"
मोर, म्हटलं. तसा तो थांबला.
मारायचे नाहीत, उठवायचे.
वायंगणात उतरतात बारा-तेरा,
खातात थोडं, तुडवतात फार.

"मग चार नंबर नको, सहाही नको.
छर्राच नको."
जुन्या पितळी टोप्या काढल्या त्याने, पासष्टच्या.
सोनाराच्या काट्यावर काळी दारू तोलली,
अर्धी परत डब्यात ओतली.
"नवी दारू धक्का मारते,
ही म्हातारीला हात धरून उठवते."
वर पुठ्ठ्याची चकती, काथ्याची गुंडी,
तोंडाला मेण. असे दहा.

पहिल्या पहाटे सगळं शेत उडालं.
धूर बांधावर रेंगाळला, खांदा दुखला नाही.
दुसऱ्या दिवशी नऊ उडाले.
चौथ्या दिवशी एकाने फक्त मान वळवली,
पिसारा चिखलातून ओढत
दोन वाफे पलीकडे गेला
आणि पुन्हा टिपू लागला.

कुष्टाला निरोप धाडलाय :
आवाज संपत आला.
अजून दहा भर,
डबा उघडलाच आहेस तर
चिमूटभर जास्त.