तासाचा भाव

घाटंजीच्या बाजारओळीत शेवटी, चक्कीच्या भिंतीला टेकून
माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
टिनं तापली की आत जळक्या तांब्याचा वास.
कार्तिकात हरभऱ्याला पाणी सुरू होतं,
रात्रीच्या लाइनीत, कमी व्होल्टेजात मोटारी जळतात
आणि सकाळी दारात येऊन बसतात:
बंडीतून, ऑटोतून,
एक तर स्कुटीवर दोन पायांच्या मधात.
अंगावर खडूनं नाव. ठमके, पारवा. कोवे, साखरा.
प्रत्येकाला उद्याच पाहिजे.
आषाढात मात्र दुकान उघडून मी पाने पुसतो,
पुसलेलेच पुन्हा पुसतो.

भाव उस्तादाच्या काळापासून एचपीवर.
पाच एचपी, पंधराशे. तांबं वेगळं, वजनावर.
तासाचं कधी कोणी विचारलं नाही.

पंचफुलेनं विचारलं.
पोराच्या सातवीतली उरलेली वही घेतली,
पाच दिवस कोपऱ्यात बसून लिहीत राहिली.
जुनं वाइंडिंग छिन्नीनं काढणं. खाचा साफ करणं.
कॉइल, कागद, भरणं, बांधणं.
वॉर्निश वाळेस्तोवर राखण.
आणि खाली, त्याच अक्षरात:
चहा, सोयाबीनचा भाव, कोणाची पोरगी कुठं दिली – दीड तास.
"हे कायले लिहिलं?"
"मंग ते काय घड्याळाच्या बाहेर झालं?"

एका मोटारीचे तेरा तास.
पंधराशेतून अंकुशचे चारशे, भाडं शंभर,
लाइट ऐंशी, कागद-वॉर्निश एकशेवीस.
उरले आठशे. भागिले तेरा.
एकसष्ट, वर थोडे पैसे.
वरचे तिनं खोडले.

मी पाटी लावली: तासाला दीडशे.
खाली: एका वेळी सहाच मोटारी.

ठमके पाटीसमोर उभे राहून हसले.
"काहून गा, हाताले मीटर बसवलं काय?"
मी विचारलं, विहिरीचा गाळ काढला तेव्हा जेसीबी कितीनं होती?
"बाराशे. तासाले."
घासाघीस केली?
"मशीनसंग काय घासाघीस करतं माणूस!"
मी पुढं बोललो नाही.
बोललो असतो तर तेही दीडशेतच धरावं लागलं असतं.

भंगारवाल्याकडून ट्रॅक्टरचं तासांचं मीटर आणलं,
अडॅप्टर लावून बाकावर ठोकलं.
कोणाच्या तरी नांगरटीचे चार हजार दोनशे सतरा तास
आधीच त्यात होते. तिथून पुढं माझे.

पहिल्या आठवड्यात तिघं रागानं मोटार उचलून गेले.
एक परत आला.
सातवी मोटार आता मी आर्णीला मोरेश्वरकडे धाडतो.
माझ्याच हाताखाली शिकला. कॉइलची टोकं जाडी बांधतो,
पण मोटार फिरते.
पहिली धाडली त्या रात्री मला झोप नाही आली,
जसं काही पोटचं कोणी दिलं.
दुसरीच्या रात्री आली.
आषाढात तो माझ्याकडं धाडेल का, हे मी विचारलेलं नाही.

काल कोव्यांची भरत होतो, आणि लाइन गेली.
चार हजार दोनशे त्रेसष्टवर मीटर थांबलं.
पंचफुलेनं मोबाइलचा उजेड धरला
आणि आटे मोजत राहिली,
लग्नापासून मोजते तशी. मी बोलता बोलता विसरतो म्हणून.
एका कॉइलला चव्वेचाळीस.
तेवढ्या उजेडात वही उघडी पडलेली दिसली:
माझा रकाना, अंकुशचा रकाना, चहाचासुद्धा.
मी म्हटलं, "तुह्या तासाचा काय भाव?"

"हालू नोका," ती म्हणाली.
"एकतीस झाले."