मोडण्याची जागा

धुळ्याला शिकत होते तेव्हा मी दात मोडायचे.
साठ दात. सगळे वरचे, पुढचे,
कुणाकुणाचे काढलेले,
बरणीत मिठाच्या पाण्यात, कैरीसारखे मुरत.
नस काढायची, पोकळी भरायची,
निम्म्यांत धातूची काडी, निम्म्यांत काचतंतूंची,
वर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, थरावर थर,
दर थराला वीस सेकंद निळा उजेड.
मग मशीनच्या जबड्यात तिरपा धरून
दाब, हळूहळू.

कट्.
बत्तीस नंबर. चारशे अकरा न्यूटन.
सर विचारायचे, किती टिकला?
आणि चष्मा पुसत,
कुठे मोडला?

धातूवाले फार टिकले.
एक सातशेच्या वर गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या.
उचलून पाहिला तर मुळापर्यंत उभा चिरलेला.
त्याचं पुढे काहीच होत नाही.
काचवाले लवकर गेले, पण बरेचसे हिरडीच्या वर,
पुन्हा बांधता येतील असे.
तेव्हा मला ते हरल्यासारखे वाटले होते.

आता अमळनेरला, पिठाच्या गिरणीवर माझा दवाखाना.
गिरणी चालू असली की खुर्ची थरथरते.
वीज जाते, गिरणी थांबते,
मग मी इन्व्हर्टरवर बारीक कामं उरकते.

आज सुपडाबाई शिंपी. वय एकसष्ट.
लग्नसराईत पायरीवरून पडल्या, त्याला चार वर्षं झाली.
दात काळवंडलेला, अर्धा गेलेला.
मागच्या आठवड्यात नस काढली.
रंग बघायला खिडकीशी नेलं.
ए-दोन नाही. ए-तीनही नाही.
ए-साडेतीन, आणि कडेला थोडी मिसरी,
जी कुठल्याच शेडगाईडमध्ये नसते.

काडी बसवली, काचेची.
थर. उजेड. थर. उजेड.
घासून, चकाकी देऊन आरसा दिला.
त्यांनी बघितलं नाही, जीभ फिरवली.
"मनी खाच कोठे गई?"

शेजारच्या दाताला होती, तशीच याला असणार,
केसाएवढी,
पंचेचाळीस वर्षं दोरा तोडून पडलेली.
म्हटलं, बुजवली. आता दोऱ्याला कातर घ्या.
पेरूही कापून खा.
"कातर हातमा लेवालोंग टाका सुटस, बाई.
मंग दोरा कसाघाई तोडू?"

मी सगळ्यात बारीक बर उचलला.
पुस्तक म्हणेल, तिथे जोर साठेल,
तिथूनच जाईल.
जाईल तर जाऊ दे. हिरडीच्या खूप वर आहे ते,
मूळ खाली शाबूत राहील,
मी आहे, निळा उजेड आहे.
दोन सेकंद फिरवला.

त्यांनी पोलक्याच्या बाहीचा एक सुटलेला दोरा
ओठांशी नेला.

थांबा, अजून दोन दिवस, असं मी म्हणेपर्यंत
वीज आली
आणि खाली गिरणी सुरू झाली.