मानेमागे

टिमारूत नोएलीनचं केस कापायचं दुकान.
चेहरे ती विसरते, माना नाही.

मेंढ्या कातरणाऱ्या डगलच्या कानावर खपली:
पडायची, पुन्हा धरायची.
वाऱ्यानं फुटतं, म्हणायचा.
स्क्वेमस निघाला. कानाची पाळ थोडी गेली,
डगल राहिला.

पोस्टातल्या आयव्हीच्या नाकाशेजारी
मोत्यासारखा उंचवटा, सात वर्षं तसाच.
टॉवेल घासला तरी रक्त.
तोही कर्करोगच, बेसल सेलचा, पण आळशी.
पाच टाक्यांत संपला.

आज तामाती. वय चोवीस,
उद्या बहिणीचं लग्न.
यंत्र टाळूवरून फिरतं आणि केसांखालून
काळा डाग वर येतो, एका अंगाला निळसर,
काठ फाटक्या कापडासारखा.
मागच्या खेपेला होता? होता.
मसुराएवढा.

यंत्र थांबतं.
"आमच्या सावळ्या कातडीला नाही होत तसलं,"
तो हसतो.
मेलॅनोमा हा शब्द तिला येतो,
पण तो उच्चारणं तिचं काम नव्हे.

ती छोटा आरसा घेते,
दरवेळी धरते तसाच त्याच्या डोक्यामागे धरते.
दरवेळी विचारते, ठीक आहे ना?

आज विचारत नाही.
नुसता धरून ठेवते,
तो बघेपर्यंत.